पूजेतली कानस

पोवारमामांनी थ्रीडी प्रिंटरच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे संशयानं बघितलं.

“हे हत्यार हाय का न्हाई, देवाला ठावं. पण फूल ऱ्हाऊ दे त्याला. उगं रुसून बसायचं.”

खंडेनवमीची सकाळ होती. गडहिंग्लजच्या वेशीबाहेर मिरचीच्या एका जुन्या वखारीत आमचं ‘घडणघर’ होतं. हवा दमट झाली की भिंतींना अजून मिरची सुटायची आणि नवख्या माणसाला ठसका लागायचा. एका ट्रस्टनं ते चालवायला घेतलं होतं. गावातल्या कुणीही यावं, लेथ, ड्रिल, वेल्डिंग, शिवणयंत्र, लागेल ते वापरावं आणि आपली वस्तू आपल्या हातानं करावी. दारावरच पाटी होती, ‘इथे करून मिळत नाही, करायला मिळतं.’ आयटीआयमधून फिटर होऊन मी तिथे लागले होते. पहिलीच नोकरी. आलेल्याला हत्यार कसं धरायचं ते दाखवायचं आणि संध्याकाळी सगळं जागच्या जागी ठेवायचं, एवढं माझं काम. मला कायम करायचं की नाही हे दसऱ्यानंतर ठरणार होतं, आणि ठरवणार होते पोवारमामा. एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून जन्म काढलेला माणूस. निवृत्तीनंतर घडणघर सांभाळायचे, बिनपगारी, म्हणून कुणाला भीत नसत.

आम्ही दोघांनी सगळी हत्यारं रॉकेलनं पुसून पाटांवर मांडली होती. हातोड्या, पाने, करवती, कानशी, मापाचा व्हर्नियरसुद्धा. प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर फूल. मामांनी हात जोडले आणि मला बजावलं की उद्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत यातल्या कशालाही हात लागता कामा नये. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस निजू दे.

मला ते मनापासून पटलं होतं. मी कीर्तनं ऐकत वाढलेली. लहानपणी सगळ्या पोरी मंडपात पेंगायच्या आणि मी पूर्वरंगापासून आरतीपर्यंत टक्क जागी असायची. कुठलीही अडचण आली की मला एखादं आख्यान आठवायचं आणि त्यातून वाट सापडायची. कुणाशी भांडावं, कुणाला क्षमा करावी, नोकरी धरावी की नाही, सगळं मी असंच ठरवत आले होते. माझी आई म्हणायची, हिला भाजीत मीठ किती घालायचं तेही बुवांना विचारायला लागेल.

नैवेद्य झाला. मामा उंबऱ्याशी पान लावत बसले आणि मी केर काढायला घेतला, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं ज्यांना काखेत हात घालून आत आणलं त्यांना बघून मी केरसुणी तशीच टाकली आणि स्टूल पुढे केलं.

शैलजाबाई टेंबे. आमच्या भागात नारदीय कीर्तन म्हटलं की हे नाव. मी त्यांची कितीतरी कीर्तनं ऐकली होती, पण इतक्या जवळून त्यांना कधी बघितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली त्यांचा उजवा पाय मांडीतून गेला. तेव्हापासून कीर्तन थांबलं. कुणी बोलावलं तर पाटावर बसून प्रवचन करायच्या. आणि आज संध्याकाळी देवीच्या देवळात, नवरात्राच्या शेवटच्या दिवशी, त्यांचं कीर्तन लागलं होतं. फलक मी स्वतः वाचला होता, येता-जाता, रोज.

त्यांनी मांडीवरचं गाठोडं सोडलं. उपरण्यात गुंडाळलेला त्यांचा कृत्रिम पाय होता. मामांनी चटकन नजर बाहेर वळवली.

“लाजू नका हो,” बाई म्हणाल्या. “लाकडाची खुंटीच आहे ती. बघा आणि काही होतंय का सांगा.”

गुडघ्याच्या सांध्यात आडवी लोखंडी खीळ होती, सगळा भार तिच्यावर. ती मधोमध तुटली होती. सकाळी अंगणात त्या पावलं टाकून बघत होत्या, कीर्तनाच्या गादीवर पुढं कसं जायचं, मागं कसं यायचं. त्यातच खाली आल्या. कोपर सोलवटून निघालं होतं. बाजारातला बोल्ट घालून बघितला, तर गुडघा लटपटत होता. पाय ज्यांनी करून दिला ते कोल्हापूरला, आणि ते दोन दिवस बंद.

मामांनी आदरानं, पण सरळ सांगितलं की आज काम होणार नाही, हत्यारं पूजेत आहेत. उद्या उत्तरपूजा झाली की पहिलं काम यांचं.

“कीर्तन आज आहे,” बाई म्हणाल्या.

“मग बसून करा की. खुर्ची देतील.”

“खुर्ची देवळाच्या पंचांनी पण देऊ केलीय. बसून सांगितलं की ते प्रवचन झालं. दोन वर्षं मी तेच केलं. कीर्तन उभ्यानं असतं.”

“कुबडी घ्या मग.”

“एका हातात कुबडी धरली तर चिपळ्या काय तुम्ही वाजवणार?”

मामांना हसू आलं, पण ते गिळून त्यांनी मान हलवली. हा हट्ट नाही म्हणाले, आणि एक गोष्ट सांगितली जी मी आधी ऐकली नव्हती. कारखान्यात एकदा ऐन खंडेनवमीला साहेबांनी मशीन चालू करायला लावलं होतं. मामांचा जोडीदार होता त्याच्यावर.

“त्याची बोटं मी गोळा केली, बाई. फडक्यात. तवापासून या दिवशी मी हत्याराला हात लावत न्हाई आणि लावू देत न्हाई. तुमास्नी माझा राग आला तरी चालंल.”

बाई पायाकडे बघत बसल्या आणि मी त्यांच्याकडे. त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या मनात काहीतरी म्हणून बघत होत्या, ओठ हलत होते. थोड्या वेळानं कळलं, त्या संध्याकाळचं नमन म्हणत होत्या. म्हणजे ही बाई जाणारच होती. एका पायावर, बोल्टाच्या लटपटत्या गुडघ्यावर, कशीही. आणि भर गादीवर कोसळणार होती, गावासमोर.

मी पायातला बोल्ट काढला आणि तुटक्या खिळीचे तुकडे जुळवून बघितले. लेथ लागत नव्हता, वीजही नको होती. भंगाराच्या पेटीत एका जुन्या पंपाच्या दांड्याचा तुकडा पडला होता, खिळीच्याच लांबीचा, जाडीला मात्र किंचित जास्त. भंगाराची पूजा कुणी केली नव्हती. फक्त तो तुकडा गोल घासून भोकात बसेल इतका करायचा. त्याला एक कानस लागत होती. एकच.

मी बाईंपाशी जाऊन खाली बसले. म्हटलं, “ताई, पूजेतलं उचलायचं तर काहीतरी आधार असेल ना? एखाद्या आख्यानात कुणी असं केलं असेल. तुम्हाला माहीत असणार. तुम्ही सांगितलंत तर मामा ऐकतील.”

मी ऐकेन, असंच मला म्हणायचं होतं.

त्यांनी विचारलं, “नाव काय तुझं?”

“वैजयंता.”

“वैजयंता, आधार पुष्कळ आहेत. तुझ्या बाजूनं दहा सापडतील आणि यांच्या बाजूनंही दहा. पण आज गरज माझी आहे. माझ्या गरजेसाठी मी गोष्ट सांगितली तर ते आख्यान होत नाही गं, ती वकिली होते. ती मी करणार नाही. तुला उचलावंसं वाटलं तर उचल. नाही वाटलं तर मी तुला शब्दानंही बोलणार नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला गोष्ट नाकारली होती. तीही ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त होत्या त्यांनी. मी उठून पाटासमोर उभी राहिले. नेहमीप्रमाणे मनात शोधायला गेले आणि काहीच सापडेना. ज्या ज्या प्रसंगावर हात ठेवावा तो दुसऱ्या बाजूनंही बोलायला लागे. मागं मामा होते, ज्यांनी बोटं गोळा केली होती. ते खोटं बोलत नव्हते. उद्या या बाईंना काही झालं, मला काही झालं, तर तो दोष कुठल्या आख्यानावर ढकलता येणार नव्हता.

मी हात जोडले. कानशीवरचं फूल उचलून शेजारच्या हातोडीवर ठेवलं आणि कानस उचलली.

“वैजू,” मामा म्हणाले. ते ओरडले नाहीत. “उद्यापासून यायचं का न्हाई ते उत्तरपूजा झाल्यावर सांगीन.”

“हो मामा.”

“आणि दारावरची पाटी वाचलीस न्हवं? हितं करून द्यायचं न्हाई.”

उत्तर बाईंनी दिलं. “मला करून कुठं हवंय? कुठं उभं राहायचं ते दाखवा.”

मामा पानाची पिंक टाकायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ परत आले नाहीत.

टेबलाला जोडलेल्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, मी तो तुकडा आवळला. शेगड्यालाही कुंकू होतं, पण आता एकाची माफी मागितली तिथं दुसऱ्याची. कानस बसून मारता येत नाही, अंगाचा भार पुढं टाकावा लागतो. बाई एका पायावर उभ्या राहिल्या, मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारून आधार दिला आणि त्यांच्या खांद्यावरून पुढं बघत कानशीची मूठ कशी धरायची ते सांगितलं. त्यांनी कानस पहिल्यांदा पुढं रेटली.

कानस सर्रकन घसरली आणि बाईंची बोटं शेगड्याच्या जबड्यावर आपटली.

मला वाटलं, झालं. मामांची गोष्ट खरी झाली. मी त्यांचा हात ओढून बघितला. दोन पेरांची सालं निघाली होती, बाकी काही नाही. कारण साधं होतं. पूजेला आम्ही ओलं हळदकुंकू वाहिलं होतं. ते कानशीच्या दातांत भरून बसलं होतं, ती लोखंडाला चावणार कशी? साफ करायला हवी होती. मी फडकं घेतलं आणि माझा हात तिथेच थांबला.

कुंकू पुसायचं होतं.

आमच्या घरात हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. सांडलं तरी ते ‘वाढलं’ म्हणतात. मी पूजेतली कानस उचलली ती उचलली, पण तिचं कुंकू पुसायला माझी बोटं तयार होईनात. माझं लग्न ठरायचं होतं, हेही डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू.

बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांचं कपाळ मोकळं होतं. नवरा गेला तेव्हा त्या ऐन तिशीत होत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांनी माझ्या हातातून कानस काढून घेतली.

“दे इकडे. याचा सराव आहे मला,” त्या म्हणाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी ती टोकापासून मुठीपर्यंत पुसली. पांढऱ्या पदरावर लाल-पिवळा पट्टा उठला. “हे पुसलं तेव्हा लोक म्हणाले, आता ही गादीवर उभी राहायची नाही. पंधरा दिवसांत उभी राहिले. कानशीला काय धाड भरलीय? आणि हे जे दातांत राहिलंय ते कसं काढायचं?”

मी केसांतला आकडा काढला आणि एकेक फट कोरून दिली.

आता कानस चावायला लागली. पण बाई ती खरवडल्यासारखी पुढं-मागं दोन्हीकडे घासत होत्या. कानस फक्त पुढं जाताना कापते. मागं येताना दाबली तर तिचे दात जातात. मी दोनदा सांगून बघितलं, जमेना. मग मला त्यांचीच, तालाची भाषा सुचली.

“ताई, पुढं जाताना सम, मागं येताना काल. काल रिकामा सोडायचा.”

“असं आधी नाही का सांगायचं?”

त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. संथ लयीत त्यांचं अंग पुढं जाई, लोखंडाचा भुगा झडे, आणि अलगद मागं येई. घासायच्या, मी तुकडा थोडा फिरवायची, पुन्हा घासायच्या. व्हर्नियर पाटावर निजलेला, म्हणून माप भोकातच घालून बघायचं. जात नाही, पुन्हा घासा. माझे हात भरून आले. त्यांचा पाय थरथरत होता, तो मला माझ्या मांडीला लागत होता. मी म्हटलं, जरा बसा. त्या म्हणाल्या, बसायची सवय मोडायलाच आलेय मी.

शेवटी खीळ निम्मी आत गेली आणि अडली. आणखी घासली असती तर ढिली झाली असती. मी हातानं दाबून बघत होते तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला.

“सुकी घालू नको. अडकून बसंल, मग बापजन्मात निघायची न्हाई.”

ते कधी आत आले होते कुणास ठाऊक. त्यांच्या हातात तेलाची बुधली होती.

“हिची पूजा करायची ऱ्हायली हुती सकाळी,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “मागं कपाटात पडली हुती. ही चालती.”

त्यांनी भोकात दोन थेंब सोडले. मी अंगठ्यानं रेटलं आणि खीळ एकसारखी आत सरकली, कुठे सैलपणा नाही, कुठे अडथळा नाही. तिला बाजूनं धरून ठेवणारा बारीक स्क्रू मी माझ्या घराच्या किल्लीनं आवळला. मामांनी तो पाय हातात घेतला, गुडघ्यात वाकवला, सरळ केला, कानाशी नेऊन ऐकला. पाय बाईंच्या हाती दिला आणि पाठ करून उभे राहिले, त्यांनी तो चढवेपर्यंत.

संध्याकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मी बायकांत पुढं बसले. गादीच्या मागं पंचांनी खुर्ची आणून ठेवलीच होती, शाल घालून, न जाणो म्हणून. बाई आल्या, उभ्या राहिल्या, चिपळ्या उचलल्या. मंडपात खुसफुस झाली आणि थांबली.

इतकी कीर्तनं मी ऐकली, बहुतेक आख्यानं मला अजून सांगता येतात. त्या दिवशीचं मात्र विचारू नका. मी कथा ऐकतच नव्हते, मी गुडघा ऐकत होते. बाई पुढं आल्या की माझा श्वास अडकायचा, मागं गेल्या की सुटायचा. पूर्वरंग संपला. मध्ये हार घालतात, बुक्का लावतात, त्या वेळी त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली होती आणि सगळा भार डाव्या पायावर होता. एक पंच हळूच पुढं झाले आणि खुर्ची त्यांच्यामागं सरकवू लागले. बाईंनी वळून बघितलं.

“ती पेटीवाल्यांना द्या,” त्या म्हणाल्या, “मघापासून त्यांचीच पाठ अवघडलीय.”

मंडप हसला. पेटीवालेही हसले. आणि बाईंनी उत्तररंग धरला.

मला वाटत होतं, आता त्या आजची गोष्ट सांगतील. पूजेतली कानस, मिरचीची वखार, कुंकवाचा पदर. केवढा दृष्टान्त झाला असता. त्यांनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही. पायाचं नाव नाही, देवानं तारल्याचं नाव नाही. जी कथा सांगायला आल्या होत्या तीच सांगितली, पूर्ण, उभ्यानं. शेवटची भैरवी झाली, आरती झाली, आणि तरी त्या उभ्याच होत्या.

कीर्तन संपलं की लोक कीर्तनकाराच्या पाया पडतात. गादीवर असेतोवर ते नारदाचे पाय, म्हणून वयाचा हिशेब नसतो. म्हातारेकोतारेसुद्धा वाकतात. रांग लागली. मी रांगेत होते आणि माझ्या मागं कधी पोवारमामा येऊन उभे राहिले, मला कळलं नाही.

“सकाळी लवकर ये,” ते पुटपुटले. “उत्तरपूजा तू करायचीस. माझं गुडघं दुखत्यात.”

मी मान डोलावली. मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

पुढं बघत होते म्हणून दिसलं. माणसं वाकत होती, डाव्या पावलाला हात लावत होती आणि निघून जात होती. उजव्याला कुणी शिवत नव्हतं. त्यांचं चुकत होतं असंही नाही. रबराचं पाऊल, त्याला काय नमस्कार करायचा, आणि केला तर बाईंना काय वाटेल. बाईही कुणी वाकलं की उजवं पाऊल हळूच मागं घेत होत्या, नऊवारीच्या घोळात लपवत होत्या. माझी पाळी आली. मीही डाव्यालाच हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या बोटांची दोन पेरं सोललेली होती.

मी बाजूला झाले आणि मामा पुढं आले. गुडघे दुखत होते, ते खरंच होतं. त्यांना खाली बसायलाच वेळ लागला. आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा. टोपी काढून काखेत धरली. बाईंनी सवयीनं उजवं पाऊल मागं घ्यायला सुरुवात केली.

“ऱ्हाऊ द्या,” मामा खालून म्हणाले. आणि त्यांनी त्या रबरी पावलावर कपाळ टेकवलं.

बाईंनी पाऊल मागं घेतलं नाही.